रडके बापू

पोलिसात असून बापू हवालदार रडायचे. चोराला बेड्या घालतानाही त्यांचे डोळे भरून यायचे. ठाण्यात त्यांना ‘रडके बापू’ म्हणत. मी सांगलीच्या विश्रामबागेत वाढलेली, नवी फौजदार. वडील गेले तेव्हाही चारचौघांत रडले नव्हते. वडूजकडे नेमणूक झाली आणि साहेबांनी तपासाला नेमकी आमचीच जोडी लावली. “या दोघांची काळजं अदलाबदल झालीत,” म्हणून सगळे हसायचे.

मोटारसायकल मी चालवायची, बापू मागे बसून अखंड बोलायचे. लोणंदच्या बाजारात एका पाकीटमाराला धरलं, तर बापूंनी आधी त्याला भजी खाऊ घातली. मी चिडले. “आवं म्याडम, पोटात काय न्हाई म्हणून खोटं बोलतंय त्ये,” म्हणाले. पोट भरल्यावरही तो खोटंच बोलला. बापू दिवसभर खजील.

मग त्यांच्याच गावातली शुभांगी बेपत्ता झाली. तक्रार तिच्या वडिलांनीच दिली होती. ते बापूंचे तालमीतले जुने सोबती. मुलगी दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करणार होती, हे आम्हाला त्या मुलाकडून कळलं. बापू सोबत्याच्या अंगणात जाऊन बसले, त्याचा हात धरून रडले. “लय गुणाची पोर व्हती रं.”

सोबती थबकला. “व्हती म्हनालास. म्हंजी तुला कळलंय.”

बापू चुकून बोलले की मुद्दाम, हे मी कधी विचारलं नाही. त्या दुपारीच त्याने आम्हाला रानातल्या पडक्या विहिरीपाशी नेलं. बेड्या बापूंनीच घातल्या. तेव्हा ते रडले नाहीत. पुढेही त्यांना रडताना मी पाहिलं नाही.

खटला उभा राहिला तेव्हा बापूंचा सख्खा भाऊ म्हणाला, “साक्ष दिलीस तर माझ्या दारात येऊ नगंस.” बापूंनी साक्ष दिली. सोबत्याला जन्मठेप झाली आणि बापूंना गाव तुटलं.

निवृत्तीनंतर काकूंना घेऊन ते विश्रामबागेत भाड्याने राहिले. माझीही बदली सांगलीला झाली होती. संध्याकाळी माझ्या फाटकाशी येऊन विचारायचे, “आज काय घावलं, म्याडम?” मी सांगायचे, ते ऐकायचे. स्वतःचं बोलणं आटलं होतं. एकदाच म्हणाले, “आमच्याकडं आज जत्रा असंल.”

गेल्या थंडीत ते झोपेतच गेले. गावाहून एकच माणूस आलं, शुभांगीची आई. सगळं उरकल्यावर मी तिला स्टँडवर सोडायला गेले.

“कोर्टात समदी ‘मयत, मयत’ म्हनत व्हती,” ती म्हणाली. “ह्यो तेवढा शुभांगी म्हनायचा. आता गावात तिचं नाव कुनी काढत न्हाई.”

मग ती शुभांगीबद्दल बोलायला लागली. लहानपणचे ताप, शाळा, वेणी घालताना करायची ती आदळआपट. वडूजची एसटी लागली, माणसं चढली, तरी तिचं संपलं नव्हतं. मीही तिच्यामागून गाडीत चढले.