सांध्याला एक थेंब तेल

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला केवलराम कटरेंच्या यंत्राचे दोन तुकडे एकमेकांना ओळखेनासे झाले.

गोरेगाव तहसीलच्या कुंपणाबाहेर, दुधरामच्या चहाटपरीला लागून केवलरामांचं टेबल आहे. चौतीस वर्षं ते तिथेच बसून लोकांचे अर्ज टाइप करत आले. त्यातली तेहतीस वर्षं टेबलावर मराठी टाइपरायटर होता. काळा, लोखंडी, दोन्ही हातांनी उचलावा लागे असा. मग त्याचा रोलर गेला आणि नवा कुठे मिळेना. नागपूरला नोकरी करणाऱ्या उमेंद्रने बापासाठी हे नवं यंत्र आणलं. वर काच, खाली बटणं, मधे लोहचुंबक. काच ओढली की टच् आवाज करून सुटायची. परत ठेवली की टच् करून बसायची.

"बाबूजी, हा लॅपटॉप बी हाये अन् पाटी बी," उमेंद्र म्हणाला होता.

"दोन्ही कायले पायजे?"

"वापरा तं खरं."

केवलरामांनी वापरलं. उमेंद्रने त्यात जुन्या टाइपरायटरचीच अक्षररचना बसवून दिली होती. त्यामुळे बोटांना यंत्र बदलल्याचं कळलंच नाही. गोंधळ झाला तो डोक्याचा. यंत्राला वजन नव्हतं. एसटीत पिशवी मांडीवर असली तरी ते दर थांब्याला आत हात घालून बघायचे, आहे की पडलं. बोदलकसाला भाचीच्या साखरपुड्याला गेले तेव्हाही ते पिशवीत होतं. तिथे तलावाच्या पाळीवर बसून एका पाहुण्याचा अर्ज त्यांनी मांडीवरच टाइप केला. आपलं दुकान नेमकं कुठे आहे, हे त्यांना कळेना. टेबलाशी, की या पिशवीत?

लोकांना मात्र काच आवडली. पूर्वी केवलराम अर्ज वाचून दाखवायचे आणि लोक माना डोलवायचे. एक शब्द बदलायचा तर सगळा कागद पुन्हा. त्यामुळे कोणी बदलायला सांगत नसे. आता ते काच सोडवून माणसाच्या हातात द्यायचे. माणूस ती पाटीसारखी धरायचा, बोटाने वर-खाली करायचा आणि म्हणायचा, "बाबू, एवढं 'नम्र' कायले? एक 'नम्र' काढून टाका." केवलराम काढून टाकायचे. अर्ज पहिल्यापेक्षा कमी नम्र होऊ लागले होते. हे बरं की वाईट, हेही त्यांना ठरवता येत नव्हतं.

दसऱ्याला घरी हत्यारांची पूजा असते. विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, बायकोची, रुख्माची विळी. टाइपरायटरही त्या रांगेत बसायचा. त्याची रीत ठरलेली होती. आधी ब्रशने धूळ झाडायची. मग मशीनच्या तेलाची कुपी घेऊन प्रत्येक सांध्याला एक थेंब. मग हळदकुंकू, मग झेंडू. टाइपिंग शिकवणाऱ्या गुरुजींनी सांगितलं होतं, जिथं सांधा तिथं तेल. केवलरामांनी कधी एक दसरा चुकवला नाही. म्हणून तर यंत्र तेहतीस वर्षं टिकलं, असं ते सांगायचे.

या वर्षी त्यांनी नवं यंत्र पाटावर ठेवलं आणि सांधा शोधू लागले. कुठेच नव्हता. शेवटी काच सोडवली. खालच्या भागाच्या कडेला पाच सोनेरी ठिपके दिसले. मोहरीच्या दाण्याएवढे. हाच सांधा. त्यांनी पाचही ठिपक्यांवर एकेक थेंब सोडला. रुख्माने पाचही ठिपक्यांना कुंकू लावलं.

"बरे हायेत कंपनीवाले," ती म्हणाली. "कुंकवाले जागा ठेवूनच देली."

दुसऱ्या दिवशी शामकला टेबलासमोर येऊन उभी राहिली. तिशीची असेल. नवरा उन्हाळ्यात गेला. धानाची जमीन नवऱ्याच्या आणि दिराच्या नावावर होती. मयताला वारस नाही असं सांगून दिराने फेरफार टाकला होता, म्हणजे सातबाऱ्यावर आता एकट्या दिराचं नाव लागणार होतं. हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती. त्यातला हा पंधरावा दिवस.

अर्ज दसऱ्याआधीच टाइप झाला होता. फक्त तिने नोटीस आणली नव्हती, म्हणून फेरफार नंबर आणि गट नंबर या दोन जागी टिंबं होती. आज ती नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून घेऊन आली होती.

"आता दोन मिनिटाचं काम," केवलराम म्हणाले. काच बसवली. टच्. अर्ज दिसू लागला. त्यांनी टिंबांशी जाऊन आकडा दाबला.

काही झालं नाही.

त्यांनी जोरात दाबला. मग दुसरा आकडा. मग सगळीच बटणं ओळीने. काच सोडवली, पुन्हा बसवली. आवाज तोच, टच्. पण वरच्याला खालचं कळत नव्हतं. टेबलाखालच्या प्रिंटरची वायरही खालच्या भागातच जायची. म्हणजे कागदही निघणार नव्हता.

"का झालं जी?" शामकलाने विचारलं.

"होते होते. थांब."

दुधराम चहा गाळता गाळता बघत होता. "काका, टीव्हीले देतो तशी एक थापड देऊन पाहा."

"तुह्या टीव्हीनं थापड खाऊन कोणतं चॅनल लावलं? गप राह्य."

त्यांनी उमेंद्रला फोन लावला. तो म्हणाला बंद करून चालू करा. केलं. पुन्हा करा. पुन्हा केलं.

"काही सांडलं काय बाबूजी? पानी, चाय?"

"काहीच नाही सांडलं." आणि ते खरंच होतं. तेल सांडलं नव्हतं. तेल घातलं होतं. दोन्ही एकच असू शकतं, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

"मी मीटिंगमधे हाओ. एक तासानं करतो फोन."

साडेअकरा झाले. बाजूचा झेरॉक्सवाला देवीच्या विसर्जनाला गावी गेला होता, शटर खाली होतं. केवलरामांनी काचेवरच बोट ठेवून पाहिलं. तळाशी अक्षरं उगवली, पण सगळी इंग्रजी, आणि काचेखाली. त्यांनी एकावर दाबलं. अर्जाच्या मध्यभागी एक इंग्रजी अक्षर येऊन बसलं. त्यांनी घाबरून हात मागे घेतला. दहा बोटांनी न बघता टाइप करणारा माणूस एका बोटाला घाबरला.

शामकला पदराने घाम पुसत होती. "बाबू, पाच वाजता खिडकी बंद होते म्हणतेत. मंग माहं नाव गेलं काय?"

केवलरामांनी पुन्हा काच सोडवून बसवली तशी ती वाकून बघू लागली.

"सारं दिसून तं राहिलं ना याच्यात?"

"दिसून राहिलं."

"मंग मी पाहून लिवून काढतो. सातवी झाली माही."

केवलरामांनी मान हलवली. "हातचा अर्ज घेत नाही वो. सायब बाजूले ठेवतेत."

"कोण सांगतलं?"

ते उत्तर द्यायला गेले आणि थांबले. चौतीस वर्षं ते लोकांना हेच सांगत आले होते. त्यांना गुरुजींनी सांगितलं होतं. गुरुजींना कोणी सांगितलं, ठाऊक नाही. हातचा अर्ज परत आलेला त्यांनी स्वतः पाहिला होता का? त्यांनी आठवून पाहिलं. एकही आठवेना.

"पान्यात पडल्यावर डोंगा कोणाचा हाये ते कोणी पाहत नाही," शामकला म्हणाली. "कागद द्या."

त्यांनी कोरे कागद दिले. पेन दुधरामने दिलं. काच साखरेच्या डब्याला टेकवून उभी केली. शामकला बाकावर मांडी घालून बसली, मांडीवर जुनी फाइल घेतली आणि लिहू लागली. हळू लिहायची. एक शब्द बघायची, तोंडातल्या तोंडात म्हणायची, मग उतरवायची. मधल्या इंग्रजी अक्षराशी आली तेव्हा तिने नुसतं विचारलं, "हे तुमचं काय?" केवलराम म्हणाले, "सोड ते."

काच दर थोड्या वेळाने काळी पडायची. मग केवलराम बोट लावायचे आणि ती उजळायची. आता त्यांचं काम एवढंच उरलं. काच झोपू द्यायची नाही. ते टक लावून बसले. माणसं येत-जात विचारत होती, "काय बाबू, आज शाळा काहाडली काय?" दुधरामच उत्तर द्यायचा, "मास्तर बदलला."

फेरफार नंबराच्या टिंबांशी ती आली. तिने पिशवीतून नोटीस काढली, नंबर पाहिला आणि लिहिला. केवलरामांना विचारलं नाही. गट नंबरही तसाच. एक प्रत झाली. पोच म्हणून आपल्याकडे ठेवायला दुसरी लागते, हे त्यांनी सांगितलं. दुसरी पहिल्यापेक्षा सरळ आली.

"ही चांगली हापिसात देतो," ती म्हणाली. "घरी कोण पाहते?"

दोन वाजता दोघं अर्ज घेणाऱ्या आवक खिडकीशी गेली. आतल्या मॅडमनी कागद वाचला. वरपासून खालपर्यंत. केवलराम मागे उभे होते. चौतीस वर्षांत ते खिडकीशी फार तर दहादा आले असतील. त्यांचा हात नकळत खिशातल्या रुमालाशी गेला.

मॅडम तळाशी पोचल्या आणि थांबल्या.

"हे काय? 'टंकलेखक, के. डी. कटरे, गोरेगाव'?"

केवलराम पुढे झाले. त्यांच्या प्रत्येक अर्जाच्या तळाला डाव्या कोपऱ्यात ही बारीक ओळ असायची. गुरुजींनीच लावलेली सवय. शामकलाने काचेवर होतं ते सगळं उतरवलं होतं. ओळसुद्धा. तिच्या मोठ्या, गोल अक्षरात.

"हातानं लिहिलं अन् टंकलेखक कुठून आला बाई? खोडा ते," मॅडम म्हणाल्या.

"काऊन खोडू?" शामकला म्हणाली. "त्याईनंच तं बसवून लिवून घेतलं. सकाळपासून बोट लावून बसले होते बिचारे."

मॅडमनी चष्म्यावरून केवलरामांकडे पाहिलं. मग शिक्का घेतला. एका प्रतीवर मारला, दुसरीवर मारला, आवक नंबर लिहिला, तारीख लिहिली. झालं. मुदत आजची होती आणि अर्ज आजचा होता. हाताने लिहिला म्हणून कोणी काही म्हटलं नाही.

केवलरामांनी पोचेवरची आपली ओळ वाचली. पुन्हा वाचली. आपलं नाव दुसऱ्याच्या हातचं ते पहिल्यांदाच बघत होते असं नाही, लग्नपत्रिकांवर असतं. पण हे वेगळं होतं. कसं, ते सांगता आलं नसतं.

शामकला तीनच्या गाडीने गेली. त्यानंतर उमेंद्रचा फोन आला. त्याला एकदम सुचलं होतं.

"बाबूजी, काल पूजेत ठेवलं होतं काय?"

"ठेवलं ना. सांध्याले तेल बी देलं."

फोन कटला की काय म्हणून केवलरामांनी कानापासून काढून पाहिला.

"तेल?" उमेंद्र म्हणाला. "तेल, बाबूजी?"

"मंग? सांधा हाये ना तिथं."

"...कोरड्या फडक्यानं पुसा. पाचही ठिपके, तिथूनच करंट जाते. चांगलं घासून पुसा."

त्यांनी गमछ्याच्या टोकाने पुसलं. कुंकू निघालं, तेल निघालं, गमछा लाल झाला. काच बसवली. टच्. अर्जातलं ते इंग्रजी अक्षर त्यांनी खोडून पाहिलं. गेलं. सगळं चालत होतं. मग ते टिंबांशी गेले आणि शामकलाचे दोन्ही नंबर भरले. आठवत होते.

"काका, ते तं जमा झालं ना," दुधराम म्हणाला. "आता कायले टाइप करून राहिले?"

"माहीत नाही."

तेलाची कुपी पिशवीत होती. त्यांनी ती काढून टेबलावर ठेवली. मग पिशवीत टाकली. मग पुन्हा काढली आणि दुधरामला दिली. "तुह्या शटरले टाक. लय करकरते."

चारच्या सुमाराला सालेकसाकडचा एक म्हातारा आला. डोक्याचं मुंडासं सोडून समोरच्या बाकावर बसला. "बाबू, एक अर्ज पायजे."

केवलरामांची दहाही बोटं बटणांवर जाऊन बसली. मग तिथेच थांबली.

"तुमाले लिवता येते काय बाबा?" त्यांनी विचारलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, दुधरामकडे पाहिलं.

"येते ना," तो म्हणाला. "पण मंग तुमी इथं कायले बसले?"

केवलरामांनी काच सोडवली आणि म्हाताऱ्याच्या हातात दिली. म्हाताऱ्याने ती उलटीपालटी करून पाहिली, मग पोटाशी धरली.

"टाइप मंग करू, आता सांगा," केवलराम म्हणाले. "काय झालं ते सुरवातीपासून सांगा."