सारिकाचं बिनचूक वाक्य

मंडळी, आज दहावीच्या वर्गात ‘फ्यू अँड फार बिटवीन’ शिकवलं. अपवादानं सापडणारी गोष्ट सांगायला इंग्रजीत अशी विशेषणांची जोडी वापरतात. वर्गातल्या सगळ्यात हुशार सारिकाला म्हणलं, वहीत वाक्य लिही आन् वाचून दाखव.

"सर, आमच्या वस्तीवर दहावी झालेल्या पोरी फ्यू अँड फार बिटवीन हायेत."

मी खूश. म्हणलं, "त्यात आता तुझी भर."

"न्हाई सर. परवा लगीन हाय माझं. दिवाळीनंतर कोयत्याला जायचंय."

आमच्या धारूरकडं कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. एकट्याला मुकादम घेत नाही, म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकतात.

शाळा सुटल्यावर तिच्या वडिलांकडं गेलतो. ते शांतपणे म्हणाले, "आमी सहा महिने कारखान्यावर. वयात आलेली पोर मागं कुणाजवळ ठेवू, सर? तुमी ठेवता का?"

मला हो म्हणता आलं नाही.

गेल्या वर्षी अशाच एका लग्नाची तक्रार केलती. लग्न दुसऱ्या गावात झालं, एवढंच.

आत्ता वह्या तपासत बसलोय. सारिकाच्या वाक्यात एकही चूक नाही. त्याच्याखाली शेरा काय लिहू, तुम्हीच सांगा.