वहिनींसाठी काढलेल्या बाटल्या

डेअरीत तिला सगळे नापासबाई म्हणायचे. तिच्या तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. दूध तपासून खराब निघालं की टँकर दारातून परत पाठवायची, मालकाची बोलणी खायची, तेव्हा कुठे हे नाव पदरात पडलं होतं. आणि हल्ली नापासबाई काहीच नापास करत नव्हती. त्याचाच तिला वैताग आला होता.

मुलांच्या दवाखान्यात डेअरीच्या छोट्या बाटल्या जायच्या. तिथून तक्रार आली, दूध पिऊन पोरांना उलट्या होतात. तिने लॅबमध्ये काचेच्या तबकड्यांत नमुने घालून तपासले, पण जंतूंचा एक ठिपका उगवेल तर शपथ! परत तक्रार, परत तबकड्या लख्ख. मॅनेजर म्हणाला, "त्यांचा फ्रीज बिघडला असणार. उगाच आपल्या डोक्यावर खापर."

मग एका मुलीला सलाईन लावल्याचं कळलं.

"फ्रीज कसला डोंबलाचा!" ती कडाडली. "दवाखान्याकडे जाणारी गाडी थांबवा."

"कशाच्या जोरावर? तुमच्याच तपासणीत माल पास आहे. पुरावा आणा, थांबवतो."

तिने पाणी तपासलं, झाकणं तपासली, कामगारांचे हात तपासले, शेवटी स्वतःच्या लॅबवरही संशय घेतला. हाती भोपळा. घरी ताटावर बसली तरी डोक्यात तेच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दोन घास नीट खा. ते दूध काय तुझ्या माहेरचं आहे?" तिला हसूसुद्धा आलं नाही. ती मुलगी घरी गेली का, एवढंच तिला कुणी सांगत नव्हतं.

बाटल्या भरायचा विभाग तिच्या धाकट्या दिराकडे होता. भला माणूस, कामाला वाघ. नमुन्यांचा ट्रे रोज तोच वर पाठवायचा, तिला जिन्याची खेप पडू नये म्हणून. एके दिवशी जेवणाची सुट्टी संपता संपता तीच खाली उतरली. मशीन नुकतं सुरू झालं होतं. बाटल्या भरून पुढे चालल्या होत्या आणि दीर ट्रे घेऊन नुसता उभा.

"भाऊजी, माझ्या बाटल्या?"

"थांबा वहिनी, मशीनला जरा लय धरू द्या. सुट्टीनंतरच्या पहिल्या बाटल्या तुम्हाला कशा देणार? नळीत तुंबून राहिलेलं दूध असतं ते. तुमच्यासाठी नेहमी चांगल्यातल्या चांगल्या काढतो मी."

"आणि त्या पहिल्या कुठे जातात?"

"जाणार कुठे? क्रेटमध्ये."

पाहुण्याला पहिला घाणा वाढत नाहीत, तशा मायेने या बाबाने तिला आंधळं करून ठेवलं होतं! आणि ट्रे आयता मिळतो म्हणून तीही खुशाल वर बसून राहिली होती.

तिने भांडून ते क्रेट बाजूला काढायला लावले आणि पहिल्याच बाटल्या तपासायला नेल्या. तबकड्या ठिपक्यांनी बुजबुजल्या. गाडी थांबली, नळ्या खोलल्या, तर आतल्या रबरी चकत्यांवर बोटाला लागेल इतका बुळबुळीत थर. मॅनेजरने दिराला सगळ्यांसमोर झाडलं. दीर घरी जेवला नाही, जाऊबाई तिच्याशी बोलल्या नाहीत.

मशीन पुन्हा सुरू झालं त्या दिवशी दिराने ट्रे तिच्यापुढे आदळला. तिरक्या झाकणांच्या, अर्धवट भरलेल्या, पोचे पडलेल्या बाटल्या.

"घ्या. याहून वाईट आज निघाल्या नाहीत."

"अहो, निवडूच नका ना!" तिचा आवाज चिरकला. "चांगल्या नकोत, वाईट नकोत. यापुढे माझ्या मीच घेईन."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

क्रेट भरणाऱ्या कामगारांचे हात थबकले. ज्या दिराने तिच्या बाळंतपणात रात्रंदिवस दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या, तो तिच्याकडे बघत होता. त्याला फक्त 'आहे' एवढंच ऐकायचं होतं.

"नाही," ती म्हणाली, आणि मशीनमधून आलेली पहिली बाटली तिने उचलली.