धुऊन वाळवलेले दात

“सर, नंबर तो सारे धुल गए हैं। अब ये किस काम के?”

बाबांच्या ऑफिसमधून आलेला ज्युनिअर हळू आवाजात म्हणाला. “धीरे बोल, यार,” सोबत आलेल्या काकांनी त्याला दटावलं. काका म्हणजे बाबांचे जुने सहकारी. आई स्वयंपाकघरात चहा टाकत होती. मी आतल्या खोलीच्या दाराशी उभी होते.

दिल्लीत, मयूर विहारच्या फ्लॅटमधल्या आमच्या डायनिंग टेबलावर इंडोह्यूसचे दात आणि जबड्याचे तुकडे चकचकीत होऊन पडले होते. मांजराएवढा, खुरांचा, झाडपाला खाणारा प्राणी. कोट्यवधी वर्षांपूर्वी जगला आणि संपला. जम्मूकडच्या डोंगरांतून बाबांनी हे तुकडे गोळा केले होते. रिटायर झाल्यावरही परवानगीने घरी आणून ते त्यांच्यावर काम करत होते. प्रत्येक तुकड्यावर पांढरा ठिपका, ठिपक्यावर मुंगीएवढा नंबर. कुठला तुकडा कुठल्या खडकातला, ते वहीत त्या नंबरापुढे लिहिलेलं. वही टेबलावरच होती, पण आता तिच्यातलं काहीच कशाला जुळणार नव्हतं.

भीती वाटली की हा प्राणी पाण्यात शिरत असावा, असं बाबा सांगायचे. पाहुणे आले की मी आत पळायचे. मग बाहेरून बाबांचा आवाज यायचा, “गेली बघा पाण्यात!”

बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. आदल्या दुपारी आईने सगळे तुकडे साबणाच्या पाण्यात भिजवले आणि जुन्या टूथब्रशने एकेक घासून काढला. मी कामावरून आले तेव्हा ते टॉवेलवर वाळत होते.

“त्यांची वस्तू ऑफिसात मळकी नको जायला,” ती म्हणाली. तिचे हात अजून ओले होते. नंबर गेलेत हे मला लगेच कळलं होतं, पण मी तिला सांगितलं नाही.

आई ट्रे घेऊन बाहेर आली.

“नीट निघालेत ना हो? नाही म्हटलं तरी दोन तास लागले.”

काका वहीवर हात ठेवून बसले होते. “वहिनी, त्याचं काय आहे...”

आईने ट्रे तसाच हातात धरला. मी बाहेर आले, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. काकांकडे बघितलं.

“काका आत्ताच म्हणत होते, आई. इतके स्वच्छ तुकडे त्यांच्याकडे आजवर कुणीच दिले नाहीत.”