ढालवाले मेहुणे

माणूस घडवायला ब्रह्मदेवाला किती वेळ लागत असेल ते मला ठाऊक नाही, पण माझ्या मेहुण्यांना नऊ दिवस लागले, आणि तेही नुसतं नाकापर्यंत पोचायला. मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. घाटनांदूरला घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. आसपासच्या विहिरींतल्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे येतात आणि नव्या तारेनिशी पुन्हा पाण्यात जातात. पन्नाशी ओलांडली की लोक गुडघ्यांविषयी बोलू लागतात. यांचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला, त्याचा कॉम्प्युटर घरी राहिला, आणि हे गेम खेळू लागले. आपण एक योद्धा तयार करायचा, गुहांमध्ये उतरून राक्षस मारायचे, ते मेले की तलवारी, चिलखतं, अंगठ्या खाली पडतात त्या उचलून अंगावर चढवायच्या आणि आणखी खोल उतरायचं, असा तो गेम. दोघंतिघं आपापल्या घरून एकत्र खेळू शकतात. मी बीडला शाळामास्तर; मला त्यांनीच यात ओढलं.

तर नाक. दुकानात मोटार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ते स्क्रीनसमोर बसवत आणि विचारत, "हे नाक मार खानाऱ्या मानसाचं वाटतंय का?" चकलांब्याहून पाहुणा म्हणून आलेल्या एका म्हाताऱ्याने "मिशी लहान हाय" एवढं म्हटलं, तर सगळा चेहरा पुन्हा पहिल्यापासून. चेहऱ्याचं झालं की गुणांचं. गेममध्ये पायरी चढली की थोडे गुण मिळतात आणि ते ताकदीत, चपळाईत, जादूत कुठेही घालता येतात. बाकीची दुनिया ते मारण्यात घालते. मेहुण्यांनी एकूणएक गुण सोसण्यात घातले. कुठल्या मोटारीला तारेचे किती फेरे याची त्यांची एक वही आहे. तिच्याच मागच्या पानांवर या योद्ध्याचा हिशेब त्याच काळजीने मांडलेला असे. हातात ही थोरली ढाल, आणि तलवार अशी की एक उंदीर मारायचा तर तेवढ्यात माझा चहा पिऊन व्हायचा. मी एकदा म्हटलं, थोडे तरी तलवारीत घाला. ते म्हणाले, "दाजी, मारनारे लई हायेत. हुभं राहनारं कुनी न्हाई." गुहेच्या तोंडाशी हे उभे राहत, सगळे राक्षस यांना झोंबत आणि मी मागून निवांत बाण सोडत असे. एवढ्या सुरक्षित जागेवरून मी आयुष्यात दुसरं काहीच केलेलं नाही.

पडलेली कुठलीही वस्तू टाकायची नाही, हा त्यांचा दुसरा नेम. गंजकी तलवार, फाटका बूट, सगळं जपून. सामानाची पेटी भरली तेव्हा त्यांनी केवळ सामान सांभाळायला सात वेगळे योद्धे निर्माण केले. त्या सातांनी कधी लढाई पाहिली नाही. प्रत्येकाला त्यांनी गाव मात्र दिलं होतं. बूट पालीच्या माणसाकडे, अंगठ्या केजच्या बाईकडे. "केजची बाई परवापासून भरलीय," असं ते चिंतेने सांगत, तेव्हा ऐकणारे चपापत.

त्यात हे खेळायचे गेममधल्या सगळ्यात कठीण प्रकारात, जिथे योद्धा एकदा मेला की मेलाच. आठ महिन्यांची कमाई, अंगावरच्या सामानासकट, एका क्षणात जाते. लढाईच्या मध्येच वीज गेली तरी तेच. म्हणून त्यांनी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी दुरुस्त करून कॉम्प्युटरला जोडली होती आणि तरीही मोठ्या राक्षसाकडे जाण्याआधी गावच्या वायरमनला फोन करत. "अर्धा घंटा तारंला हात लावू नको बे. माझं मानूस आत हाय." वायरमन बिचारा खरंच थांबे. कोण आत आहे हे त्याने कधी विचारलं नाही.

हे सगळं मी माझ्या घरात आवाज बंद ठेवून खेळत असे. कारण माझी बायको आणि तिचा हा भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. सासरे गेले त्याच्या तेराव्याला चुलत्यांनी हक्कसोडीचा कागद तिच्यापुढे ठेवला. वडिलांच्या जमिनीतलं नाव सोडायचा कागद. तिने भावाकडे पाहिलं. भाऊ उठला आणि मंडपाबाहेर निघून गेला. तिने सही केली, त्याच दिवशी माझ्याबरोबर बीडला आली, आणि माहेरचं नाव काढलं नाही. म्हणून मेहुणे आणि मी बोलायचो ते स्क्रीनवर टाइप करून. बायको शेजारी शेंगा निवडत बसलेली असे. मान वर न करता मधूनच म्हणे, "त्यांच्यावर चौघं चढलेत. तुम्ही अंगठी काय उचलताय?"

मग मी न्हाणीघरात घसरलो आणि उजव्या मनगटाला प्लास्टर लागलं. मेहुण्यांचा निरोप आलेला होता, आज खालचा दरवाजा उघडायचा, या. मी बायकोला म्हटलं, जमणार नाही एवढं लिहून टाक. ती शेंगा निवडायचं सूप बाजूला ठेवून माझ्या खुर्चीत बसली. "मी कशाला लिहू," ती म्हणाली आणि माझ्या नावाने खेळू लागली. मला लाज वाटावी इतकं चांगलं खेळली. आठ महिने ती शेंगा निवडता निवडता सगळं शिकत होती. तीन आठवडे हे असंच चाललं. "हो", "नाही", "थांबा" यापलीकडे तिने एक शब्द टाइप केला नाही, आणि मेहुण्यांनीही माझी तब्येत विचारली नाही.

एका रविवारी दुपारी ते दोघं सगळ्यात खालच्या गुहेत उतरले. राक्षसाचा जीव निम्म्यावर आला आणि बाहेरचं लोखंडी दार हळूहळू खाली येऊ लागलं. मेहुणे दाराशी होते, एक पाऊल टाकलं की बाहेर. बायको खेळवत असलेला माझा धनुर्धारी आत कोपऱ्यात अडकला होता आणि त्याचा जीव नखाएवढा उरला होता. मेहुण्यांचा योद्धा वळला, परत आत आला आणि ढाल पुढे करून राक्षसासमोर उभा राहिला. मग खाली अक्षरं उमटली. "पळ बाई."

तिला बाई म्हणणारं माणूस जगात एकच आहे. मग ती पळाली आणि दाराखालून निसटली. दार पडलं. आतल्या माणसाचं नाव हळूहळू करडं झालं.

"फोन लावा," ती मला म्हणाली. मी डाव्या हाताने लावला. तिने माझ्या हातातून घेतला.

"कावून थांबलास?"

मेहुणे म्हणाले, "त्या दिवशी उठून गेलतो न्हवं मी."

ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचा चेहरा मला दिसला नाही. म्हणाली, "जेवलास का?"

"न्हाई अजून."

"जेव आधी. मग नवा मानूस बनवू."

पुढे मी मेहुण्यांना विचारलं, तुम्हाला कळलं कधी? ते म्हणाले, "पहिल्याच दिवशी. दाजी, तुमी एक वस्तू कधी मला सोडली न्हाई. त्या दिवशी चांगली ढाल खाली पडली, अन् कुनी उचललीच न्हाई. माझी वाट बघत पडून होती ती."

सातबाऱ्यावर बहिणीचं नाव पुन्हा लावायचं तर काय करावं लागतं, हे ते तलाठ्याला विचारून आले, असं तिला चुलतभावजयीकडून कळलं. त्यांनी स्वतः सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. पण या दिवाळीनंतर मी तिला घाटनांदूरच्या गाडीत बसवून आलो. दोन दिवस म्हणून गेली होती, आज पाचवा आहे. संध्याकाळी दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही. जरा काळजी वाटली म्हणून कॉम्प्युटर उघडला, तर दोघांच्या नव्या योद्ध्यांची नावं एकाखाली एक हिरवी लागलेली होती, म्हणजे खेळ चालू होता. तीही एकाच घरातून; दिवाळीला आलेल्या मेहुण्यांच्या मुलाचा लॅपटॉप तिच्या हाती लागला असणार. मी येऊ का, असं लिहायला बोटं पुढे गेली होती. मग नाही लिहिलं. खिचडी टाकली, ताट घेऊन स्क्रीनसमोर बसलो आणि ती दोन नावं कुठल्या गुहेतून कुठल्या गुहेत जातात ते बघत जेवलो.