मोठी चाकं

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तुमच्यापाशी का बोलतोय, तेही धड सांगता येणार नाही.

पन्नास सालानंतरची गोष्ट. चामोर्शीत माझी एक जुनी पिकअप होती — महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावात निघालेली. पुढे दोन माणसांची जागा, मागे उघडा हौदा. धान, मोहफुलं, बाजाराची माणसं, मिळेल ते वाहायचो. चालवायला दौलत होता. माझ्याच वयाचा, गावातलाच, दारूला न शिवणारा.

गाडीला एकच खोड — ती बुटकी. जंगलातल्या वाटांवर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या इतक्या खोल, की गाडीचं पोट मातीला टेकायचं. मग उतरा, धक्का मारा. लोक हसत. ते हसणं मला लागायचं — खरं कारण तेच. चांद्याला एका भंगारवाल्याकडे मोठ्या ट्रकची चार चाकं दिसली. जाड, खोल नक्षीचे टायर.

मिस्त्री म्हणाला, "बसवून देतो भाऊ, पन या गाडीले मोठीच होतीन."

मी बसवून घेतली. गाडी वीतभर उंच झाली. चाकोऱ्यांवरून अशी जायची — काय सांगू! आता हसत कोणी नव्हतं.

मार्कंड्याची जत्रा तोंडावर आली. आदल्या दिवशी मी एकट्यानंच हौद्यात धानाची पोती भरून गाडी फिरवून पाहिली. ओझ्यानं ती खाली बसली, आणि स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळवताच पुढचं चाक मडगार्डमध्ये अडकलं. सरळच होईना. पोती उतरवली तेव्हा सुटलं.

मला कळलं नव्हतं असं म्हणू? कळलं होतं. मडगार्ड कापायला गाडी मिस्त्रीकडे ठेवावी लागली असती — आणि जत्रा? जुनी चाकं परत लावली असती, तर लोक काय म्हणाले असते? दौलतला सांगितलं असतं, तर त्यानं माणसं भरलीच नसती. म्हणून नाही सांगितलं.

सकाळी त्यानं विचारलं, "सगळं बराबर हाय ना, भाऊ?"

"एकदम," मी म्हणालो.

नदीकडच्या उतारावर एक बैलगाडी आडवी आली. दौलतनं डावीकडे घेतलं. चाक अडकलं, गाडी रस्ता सोडून कलंडली. भागरथाबाई नावाची एक बाई हौद्याखाली सापडली. धानाच्या बांधीत रोवणी करून पोट भरणारी बाई. जीव वाचला, पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

ठाण्यातून पोलीस जमादार आला, पंच बसले. दौलत सांगत होता, "चाक अडकलं साहेब. सुटलंच नाई." जमादारानं माझ्याकडे पाहिलं. आणि मी — किती सहज बोललो मी —

"म्या याले सांगतलं होतं. भरल्या गाडीले पुरं वळवू नोको म्हून."

दौलत माझ्याकडे बघतच राहिला. "काऊन खोटं बोलून राह्यले, भाऊ? कवा सांगतलं तुमी मले?"

तो चिडून ओरडला असता, तर बरं झालं असतं का? माहीत नाही. लोकांनी मालकाचं खरं मानलं. दौलतला तुरुंगवास झाला, लायसन गेलं. सुटून आल्यावर कुणी त्याच्या हाती गाडी दिली नाही. तो गाव सोडून गेला. मी मडगार्ड कापून घेतलं आणि त्याच चाकांवर धंदा केला — बरीच वर्षं.

पुढे एकदा आरमोरीच्या बाजारात तो दिसला. सायकली दुरुस्त करत होता. मी वाट बदलणार, तोवर त्यानंच हाक मारली. "बसा, भाऊ." त्याच्या बायकोनं चहा आणला. कप माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "तुमी तं सांगतलंच होतं ना, भाऊ. यायनंच आयकलं नाई. आपल्या हातानं वाटोळं करून घेतलं."

दौलत चाकाच्या तारा आवळत होता. त्याचा हात थांबला. तो मान वर करून माझ्याकडे पाहत राहिला. तिथे आम्ही तिघंच होतो. जमादार नव्हता, पंच नव्हते. एका वाक्याचं काम होतं.

मी चहा प्यायलो, कप खाली ठेवला आणि म्हणालो, "जाऊ द्या, बाई. होते असं."