पडद्यावरचं तिचं बोलणं

तापलेल्या संगणकांचा वास आला की पाथरीच्या कॉलेजातली ती दुपार आठवते. खेड्यातल्या मुली डिजिटल ग्रंथालय कसं वापरतात, यावर मी पीएचडी करत होते. शोध कसा घ्यायचा ते मुलींना भिंतीवरच्या पडद्यावर दाखवताना मी माझाच विषय टाकला, तर पहिलाच शोधनिबंध निघाला माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीचा. मी घेतलेल्या मुलाखती ती टाइप करून देते म्हणून घेऊन गेली होती. मी तो निबंध उघडला, तशी समोरची एक मुलगी मोठ्यानं वाचायला लागली, “घरी देवळात जाते म्हणून सांगते आणि इथं इंटरनेटवर अभ्यासाला येते...” आणि मधेच थांबली. ते तिचंच बोलणं होतं, खाली तिच्या गावाचं नावही होतं. “ताई, कुणालाच सांगणार न्हाई म्हणला होता तुमी,” ती हळूच म्हणाली. मी बाहेर जाऊन मैत्रिणीला फोन लावला. “अगं, तिचं नाव कुठं टाकलंय मी?” असं म्हणून ती चक्क हसली. मी आत आले तोवर ती मुलगी दप्तर उचलून निघून गेली होती. मैत्रिणीशी मी त्या दिवसापासून बोललेले नाही; पण त्या मुलीच्या लेखी दगा दिला तो मीच.